फ्रिजमधली खुडूक कोंबडी

कोंबडीने अंडी देणं थांबवलं, खुराड्यात ठाण मांडलं आणि हात जवळ नेला की ती फुगून टोचायला लागली, म्हणजे ती खुडूक झाली. मग पाटीत भुसा घालून दहा-बारा अंडी मांडायची, तिला वर बसवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं! साताऱ्याजवळच्या गावात मी हेच बघत वाढले. अंडी उबवायला यंत्र लागतं, हे मला पीएच.डी.नंतर, आयोवात पोस्टडॉक करायला आल्यावर कळलं.

माझी घरमालकीण शहराबाहेर शेतावर राहते आणि तिच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतलाय. तिच्या कोंबड्या लेगहॉर्न जातीच्या. बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून या जातीतून बसण्याची सवयच पिढ्यानपिढ्या निवड करून जवळजवळ घालवून टाकली आहे. तिचं जुनं इनक्युबेटर बंद पडलं, तेव्हा "मी बनवू का?" असं मीच विचारलं. प्रयोगशाळेत माझा एक शोधनिबंध अडीच वर्षं रेंगाळला होता. एकवीस दिवसांत हो किंवा नाही सांगून टाकणारा प्रयोग मला हवाच होता.

कपाट म्हणून एक मेलेला छोटा फ्रिज मिळाला, आतला वायू आधीच रीतसर काढून घेतलेला. फ्रिजच्या भिंती थंडी आत ठेवतात, तशीच ऊबही ठेवतात. आत सरड्या-कासवांसाठी मिळणारा १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, कॉम्प्युटरचा जुना पंखा, तापमान ३७.५ अंशांवर धरून ठेवणारा कंट्रोलर आणि तो बिघडलाच तर वीज तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट. तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, म्हणजे दार उघडलं तरी ऊब एकदम पळत नाही. अंड्यातला जीव श्वास घेतो, म्हणून वर-खाली भोकं. ट्रे दर दोन तासांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवणारी छोटी मोटर. कोंबडी चोचीने अंडी फिरवते ती याचसाठी, गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटू नये म्हणून.

तापमापक खरं बोलतोय का, हे ताप बघायच्या साध्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. आर्द्रतामापक ओल्या मिठाबरोबर बंद डब्यात ठेवला, तिथे त्याने ७५ टक्के दाखवायला हवेत. दोन दिवस रिकामं कपाट चालवलं आणि मग २४ अंडी आत ठेवली, निमुळतं टोक खाली करून.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावला. १८ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. सहा कोरी निघाली, ती काढून टाकली. उरलेल्यांचं वजन मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करत राहिले. अठराव्या दिवसापर्यंत पाण्याची वाफ होऊन साधारण १२-१३ टक्के वजन घटायला हवं, म्हणजे ५६ ग्रॅमचं अंडं ४९ वर यायला हवं. तसं ते येत होतं.

बघणं, मोजणं, नोंदवणं हा माझा पेशाच आहे. बाबा गेल्यावर पुण्याहून दादाने गावच्या घरात कॅमेरा बसवला, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आई एकटी असते, गोळ्या घेतल्या का, पडली तर नाही ना, हे इथून दिसायचं. आठवडाभरात आईने कॅमेऱ्यावर पंचा टाकला. "सारखं कुणी बघत असलं की घास गोड लागत न्हाई," एवढंच म्हणाली. दादा चिडला. पंचा काढायला तिला मी सांगावं, असं त्याचं म्हणणं होतं.

अठराव्या दिवसानंतर ट्रे कलवणं बंद करायचं, आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि दार उघडायचं नाही. दार उघडलं की दमट हवा निसटते, पापुद्रा सुकतो आणि पिल्लू त्यात आवळलं जातं. विसाव्या दिवशी रात्री एका अंड्याला बारीक भोक पडलं होतं. आत टकटक होती, पण चौदा तासांत तडा पुढे सरकला नव्हता. बाहेरून सोलून काढावं असं फार वाटतं. पण त्या वेळी पिल्लू शेवटचा बलक पोटात ओढून घेत असतं, पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त असतं. घाई केली तर ते रक्त वाहून जातं.

रात्रीचे दहा, म्हणजे गावी सकाळचे साडेआठ. आईला फोन केला.

"कोंबडी उठली का तिथनं?" तिने विचारलं.

"आई, फ्रिज आहे तो."

"मग तूबी नको उठबस करूस. जा, झोप."

मी झोपले असं म्हणवत नाही, पण दाराला हात लावला नाही. पहाटे त्या अंड्याची टोपी उघडली होती. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत १८ पैकी १४ पिल्लं निघाली. चार अंडी शेवटपर्यंत गप्प राहिली. त्यांतलं एक मी फोडून पाहिलं. पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं. का थांबलं, ते कळलं नाही.

घरमालकिणीने पिल्लं हीटरच्या दिव्याखाली नेली आणि प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवली. मी दादाला कळवलं की पंचा काढायचं आईला मी सांगणार नाही. रोजचा फोन चालू ठेवीन, आणि ती उचलेल तेवढंच विचारीन. त्याने उत्तर दिलेलं नाही.

आईला आकडा सांगितला. ती जरा थांबली. अठरात चौदा, तिने मनात हिशेब केला असावा.

"बरी बसली की गं तुझी कोंबडी," ती म्हणाली.