न दिसणाऱ्या खेळाडूचं नाव

फुटबॉलवर लेख लिहितेय म्हटल्यावर आमच्या घरी हसू पिकलं. ‘अगं, तुला अजून क्रिकेटमधलं एल.बी.डब्ल्यू. कळत नाही!’ इति आमचे हे. मैत्रिणींनो, ते खरंच आहे. पण खेळापेक्षा त्यातल्या निवडीची गोष्ट मला फार लागली, म्हणून हा खटाटोप.

२०२३च्या डिसेंबरमध्ये मी ताईकडे अमेरिकेत गेले होते. ती फिलाडेल्फियाजवळ राहते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि घर बघायला कुणीतरी आपलं माणूस हवं होतं. माझी शाळेतली नोकरी अर्धवेळ, त्यामुळे रजा मिळाली. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली की भाचा टेबलावर वही उघडून बसे. मला वाटे, पोरगं अभ्यास करतंय! एकदा डोकावून पाहिलं तर ‘फिलाडेल्फिया ईगल्स’ संघातल्या खेळाडूंची यादी आणि प्रत्येक नावापुढे खुणा.

‘मावशी, यातले कोण प्रो बोलसाठी निवडले जाणार ते मी आधीच ओळखतोय.’

तिथला फुटबॉल आपल्यासारखा नाही. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, एकमेकांना आडवं पाडायचं. बत्तीस संघ, सोळा-सोळांचे दोन गट. प्रत्येक गटातले उत्तम खेळाडू निवडतात, तो मान म्हणजे प्रो बोल. पूर्वी त्यांचा खराखुरा सामना होई. २०२३ पासून त्याऐवजी कमरेच्या झेंड्या ओढण्याचा हलका खेळ असतो. पण निवडीचा मान तोच. मतं तिघांची: प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक. प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश.

‘मग ओळखायचं कसं?’ मी विचारलं.

त्याचे आडाखे ऐकून मी थक्क झाले. पहिला, गेल्या वर्षी कोण होतं ते पाहायचं, कारण एकदा नाव झालं की ते टिकतं. दुसरा, संघ जिंकतोय का? जिंकणाऱ्या संघातले जास्त जण निवडले जातात. तिसरा, आकडे. चेंडू फेकणाऱ्याचे, झेलणाऱ्याचे, धावणाऱ्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. ‘पण मावशी, सेंटरचं ओळखणं कठीण. त्याला आकडेच नसतात.’

सेंटर म्हणजे ओळीच्या मधोमध वाकून उभा असतो तो. तोच पायांमधून चेंडू मागे देतो आणि लगेच समोरून चाल करून येणाऱ्या धिप्पाड गड्यांना अंगावर घेतो. समोरच्याचा डाव ओळखून शेजारच्यांना सावध करणं हेही बहुतेक वेळा त्याच्याकडेच. सगळं नीट झालं तर पडद्यावर दिसतो चेंडू फेकणारा. चुकलं तरच लोक विचारतात, सेंटर कोण होता? आणि गटातल्या सोळा संघांतून सेंटर निवडायचे फक्त दोन!

ईगल्सचा सेंटर होता जेसन केल्सी. २०११ मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर लागला १९१वा. सेंटरच्या मानाने अंगाने लहान, असं त्याच्याबद्दल म्हणत. २०१७च्या हंगामात ईगल्सचे बरेच जण प्रो बोलसाठी निवडले गेले, केल्सी नाही. पण असोसिएटेड प्रेसच्या क्रीडापत्रकारांनी देशातला सर्वोत्तम संघ कागदावर मांडला, त्यात सेंटर म्हणून पहिलं नाव त्याचंच होतं! ४ फेब्रुवारी २०१८ला ईगल्सनी न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४१-३३ असं हरवून पहिल्यांदा सुपर बोल जिंकला. मिरवणुकीत केल्सी चमचमता हिरवा पोशाख घालून आला, आणि भाषणात एकेका सहकाऱ्याचं नाव घेऊन, त्याला लोकांनी कसं कमी लेखलं होतं ते त्याने सांगितलं.

हे ऐकता ऐकता पोळपाटावरचा माझा हात थांबला. जायच्या आधी स्नेहसंमेलनातल्या ‘आदर्श विद्यार्थिनी’ बक्षिसासाठी माझ्या वर्गातलं एक नाव मी देऊन आले होते. अर्ध्या मिनिटात! वक्तृत्वात पहिली, नाटकात पुढे, गेल्या वर्षीही तिलाच मिळालेलं. भाच्याचे तिन्ही आडाखे मला चपखल लागू पडत होते.

आणि दुसऱ्या बाकावरची ती? आजारी मुलींच्या वह्या पूर्ण करून देणारी, नव्या मुलीला आपल्या शेजारी बसवून घेणारी, वाचताना अडखळणाऱ्यांना हळूच शब्द सुचवणारी. ती गैरहजर असली की वर्ग सांभाळताना माझी तारांबळ उडे, तेव्हाच तिची आठवण यायची. तिला आकडे नव्हते ना!

परत आले तोवर यादी छापून झाली होती. बक्षीस समारंभात ती मनापासून टाळ्या वाजवत होती. ते बघून मला जास्तच टोचलं. मग तिच्या प्रगतिपुस्तकात, शेऱ्याच्या जागेत मावेल तेवढं, ती काय काय करते ते एकेक करून लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. पुस्तक माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘बाई, हे आमच्या हिच्याविषयीच लिहिलंय ना? चुकून दुसरीचं नाही ना?’

काय उत्तर देऊ, मला क्षणभर सुचेना.

भाच्याचा आडाखा बरोबर आला. जानेवारी २०२४ मध्ये केल्सी सातव्यांदा निवडला गेला आणि मार्चमध्ये निवृत्त झाला. तेरा हंगाम, एकच संघ. नाव व्हायला वेळ लागला, पण झालं. सगळ्यांचंच होतं असं नाही.

आता कुठलंही नाव द्यायचं असलं की मी कागद चार दिवस तसाच ठेवते आणि स्वतःला विचारते, कोण नसलं की माझं अडतं? तुम्हीही विचारून बघा. मुलांच्या बाबतीत, जावेच्या, नणंदेच्या, मोलकरणीच्याही. आणि नाव सुचलं, तर ते त्या व्यक्तीच्या कानावर घाला बरं का!