मुका मार

मराठीत 'मुका मार' असा एक शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, पण आत कुठेतरी ते साकळते आणि अंग काळेनिळे पडते; तो मार मुका. 'वळ' हा त्याचा शेजारी. पण वळाला आकार असतो, छडीचा, पट्ट्याचा, बोटांचा, आणि त्या आकारावरून मारणाऱ्याची ओळख पटते. आपल्या बोलण्यात अंगावरच्या काळ्यानिळ्या डागाला बहुधा कर्ता लागतो. 'पडले', 'धडकले', 'दार लागले' हीसुद्धा कर्ता पुरवणारी उत्तरेच. गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या पोटावर, कमरेवर आणि पुढे मांड्यांवर जे डाग उमटले, त्यांना सांगता येण्याजोगा कर्ता नव्हता. होता तो असा, की त्याच्याकडे मीच आपल्या पायांनी गेले होते, संमतिपत्रावर सही केली होती आणि पैसेही आगाऊ भरले होते.

शस्त्रक्रियेचे नाव लायपोसक्शन. दोन सिझेरियननंतर बेंबीखाली चरबीची जी घडी उरली होती, ती प्राधिकरणातल्या रस्त्यांवर रोज पहाटे चालूनही हलली नाही. मी ती का काढून घेतली याचे समर्थन इथे करायचे नाही. सौंदर्याच्या कल्पना आपल्यावर कोण लादते यावर मी वर्गात पुष्कळ बोलले आहे; ते सगळे मला मान्य आहे आणि तरीही मी गेले. (चरकाने सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा एक अध्यायच लिहिला आहे. त्यात फार उंच, फार ठेंगणा, फार काळा, फार गोरा अशा आठ निंदित देहांमध्ये अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही बसतात. देहाची निंदा जाहिरातवाल्यांनी सुरू केली, असे समजण्याचे कारण नाही.) मला लिहायचे आहे ते नंतरच्या आठवड्यांविषयी. त्यांची माहिती डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर होती, पण त्यांच्याविषयी बोलायची सोय कुठेच नव्हती.

या शस्त्रक्रियेत कातडीला लहानशी छिद्रे पाडून एक पोकळ, बोथट नळी आत घालतात. ती चरबीच्या थरात मागेपुढे फिरते आणि चरबी ओढून घेते. या फिरण्यात असंख्य बारीक रक्तवाहिन्या तुटतात. काळेनिळे पडणे हा इथे बिघाड नव्हे, ते घडलेल्या कामाचेच चिन्ह आहे. पूर्वी ते फार भयंकर असे. 1920 च्या दशकात पॅरिसमध्ये डुजारिए नावाच्या शल्यविशारदाने एका नर्तिकेच्या पायातली चरबी खरवडून काढली. पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. 1970 च्या दशकात इटलीत फिशर आणि फ्रान्समध्ये इलूझ यांनी नळीची पद्धत रुळवली, तरी रक्त पुष्कळ जात असे. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी एक साधी वाटणारी युक्ती काढली. आधी त्या भागात मिठाचे पाणी भरपूर सोडायचे, त्यात बधिरता आणणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनलिन मिसळायचे. भाग फुगून टणक होतो, रक्त फारसे जात नाही. आज बहुतेक ठिकाणी याच पद्धतीची कोणती ना कोणती आवृत्ती वापरतात.

हे पाणी मग बाहेरही येते. पहिली रात्र मी जुन्या चादरी, शोषून घेणारे पॅड आणि त्यांच्याखाली प्लास्टिक, अशा बिछान्यावर काढली. छिद्रांतून गुलाबी पाणी पाझरत होते. ते गुलाबीच असते, त्यात रक्ताचा अंश थोडा आणि सोडलेले पाणी अधिक, हे आधी सांगितलेले होते. पण रात्री दोन वाजता भिजलेली चादर पाहताना सांगितलेले आठवत नाही. दुसऱ्या दिवसाअखेर पाझर थांबला. मग आला बेल्ट: पोटापासून मांड्यांपर्यंत आवळणारा, रात्रंदिवस घालायचा, फक्त आंघोळीपुरता काढायचा. सूज दाबून ठेवणे हे त्याचे काम. प्रतिजैविकांची एक स्ट्रिपही होती. हे शहर मोटारींचे म्हणून ओळखले जाण्याआधी पेनिसिलिनचे होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना 1950 च्या दशकात पिंपरीत उभा राहिला, ही गोष्ट त्या स्ट्रिपकडे पाहताना मनात येऊन गेली.

तिसऱ्या दिवशी बेल्ट काढून आरशात पाहिले तेव्हा पोट जांभळे होते. पाचव्या दिवशी जांभळे खाली सरकले होते. जिथे नळी गेलीच नव्हती त्या मांड्यांवरही काळे ढग उतरले होते. घाबरण्यासारखे यात काही नसते. साकळलेले रक्त ऊतींमधून वाट काढत गुरुत्वाकर्षणाने खाली येते. पोटाची शस्त्रक्रिया आणि जांघा काळ्या, हे अगदी नेहमीचे. त्यानंतर जे होते ते पाहताना मला विलक्षण आदर वाटू लागला. शरीरातल्या भक्षक पेशी सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन होते, मग पिवळे बिलिरुबिन; लोह वेगळे काढून साठवले जाते, त्याचा तपकिरी डाग मागे राहतो. जांभळे, निळे, हिरवे, पिवळे, तपकिरी. कुणी आज्ञा न देता चाललेली ही आवराआवर. माहितीपुस्तिकांतले फोटो मात्र गोऱ्या कातडीचे असतात. माझ्या सावळ्या पोटावर हिरवे जवळजवळ दिसलेच नाही. काळे होते ते एक दिवस मळकट पिवळे झाले. आपल्यासारख्या कातडीवर तपकिरी डागही बरेच रेंगाळतात. हे मला कागदाने सांगितले नाही, सांगायला हवे होते.

माझे पती चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत. डॉक्टरांनी वेळापत्रक सांगितले: काळेनिळे दोन ते तीन आठवडे, क्वचित चार, सूज बहुतांशी सहा आठवड्यांत, अंतिम आकार तीन ते सहा महिन्यांनी. त्यांनी ते निमूटपणे मोबाइलमध्ये टिपून घेतले आणि घरी आल्यावर म्हणाले, "म्हणजे प्लस-मायनस बरंच आहे." त्यांच्या कामात ड्रॉइंगवरच्या मापाशेजारी अधिक-उणे किती चालेल ते लिहिलेले असते, त्याला टॉलरन्स म्हणतात. मापात तंतोतंत बसणारा भाग जगात नसतोच, टॉलरन्सच्या आत बसणारा असतो. 'नॉर्मल आहे' या डॉक्टरी वाक्याचा एवढा चांगला अनुवाद मी दुसरीकडे ऐकलेला नाही. रोज रात्री ते विचारत, "आत आहे ना?" बाहेर काय धरायचे हेही टिपलेले होते: एकाच पोटरीला सूज आणि दुखणे, दम लागणे, ताप, कमी होण्याऐवजी वाढत जाणारी वेदना, पसरणारी लाली, दुर्गंधीचा स्राव, कातडीवर फोड किंवा काळा पडत जाणारा चट्टा. यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. पायांत गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचे. पहिल्या आठवड्यात वजन काट्यावर दीड किलोने वाढले, सूज आणि पाणी. तेही आतच होते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी लातूरकडच्या. नवऱ्याच्या नोकरीपायी भोसरीत आल्या आणि इथल्याच झाल्या. आठव्या दिवशी मी बेल्ट सारखा करत होते आणि त्या खोलीत आल्या. त्यांनी पाहिले, काही न बोलता फरशी पुसली आणि दाराशी थांबून हळूच म्हणाल्या, "ताई, साहेबानं हात उचलला का?" मी खरे ते सांगितले. चरबी, नळी, डॉक्टर. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "पैशे दिऊन मार खाल्ला म्हना की." आम्ही दोघीही हसलो, हसताना माझे पोट ओढले गेले. मग त्या जवळ आल्या, बाजूचा डाग निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "आता हिरवट व्हतंय. हिरवं झालं की ठणका जातो. पिवळं झालं की चारचौघांत जाता येतं." मिठाचा शेक द्यायला त्या तयार होत्या. शेक देता येत नव्हता. कातडी बधिर होती आणि बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. पण मला जे हिरवे दिसत नव्हते ते त्यांना दिसत होते. डॉक्टरांच्या कागदापेक्षा नेमके असे हे वेळापत्रक त्यांना कुठून ठाऊक, हे मी विचारले नाही, आणि त्यांनीही पुढे काही सांगितले नाही.

कॉलेजात रजेच्या अर्जावर मी 'शस्त्रक्रिया' एवढेच लिहिले होते. उरलेले स्टाफरूमने भरून काढले. चाळिशीतली बाई, शस्त्रक्रिया, तपशील नाही, म्हणजे गर्भाशय. कुणी शहाळी पाठवली, कुणी डिंकाचे लाडू. एक ज्येष्ठ सहकारी बाई घरी आल्या, माझा हात हातात घेऊन बसल्या आणि त्यांच्या स्वतःच्या ऑपरेशनाविषयी बोलू लागल्या. त्यांना मी थांबवले आणि काय केले ते सांगितले. हात त्यांनी लगेच काढून घेतला नाही, पण त्याची ऊब गेल्याचे मला कळले. "अगं बाई! हौसेचं होय," त्या म्हणाल्या, आणि विषय परीक्षांच्या वेळापत्रकाकडे गेला. त्यांच्यावर माझा राग नाही. आपल्याकडे दुखण्याला पात्रता लागते. बाळंतपणाचे दुखणे पवित्र, गर्भाशयाचे सोसण्याचे, अपघाताचे दुर्दैवी. हौसेच्या दुखण्याने मात्र तोंड मिटून असावे. पोटातल्या पेशींना हा भेद कळत नव्हता. त्या त्याच क्रमाने, त्याच कसोशीने साफसफाई करत होत्या.

आमच्या घरापासून देहू फार लांब नाही. मंबाजीने तुकोबांना काटेरी फांद्यांनी झोडपल्याची कथा तिथे लहान पोरांनाही माहीत असते. मंबाजीचे हात दुखले असतील म्हणून तुकोबा त्याचे अंग चेपायला गेले, हा त्या कथेचा कीर्तनातला उत्कर्षबिंदू. मला त्या आठवड्यांत सारखी आठवत राहिली ती कथेची कडेची बाजू: पाठीत रुतलेले काटे आवलीने बसून काढले, असेही सांगतात. आपल्या परंपरेत माराच्या कथा विपुल आहेत, आणि मार सोसणाऱ्याची थोरवीही. पुढच्या पंधरा दिवसांची, कूस न बदलता येणाऱ्या रात्रींची, कुणीतरी धरून न्हाणीघरापर्यंत नेण्याची कथा तेवढ्या अगत्याने कुणी सांगत नाही. मराठीतली रुग्णकथने मी शिकवते. त्यांत आजार येतो तो बहुधा मृत्यूच्या किंवा पुनर्जन्माच्या वाटेने. सहाव्या आठवड्यात सहज बरे होणाऱ्या माणसाचे गद्य फार थोडे.

आणि बरे होणे हे फारच गद्य असते. दुसऱ्या आठवड्यात जांभळे ओसरू लागले तसे खाली कातडीत गाठी हाताला लागू लागल्या, वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या. त्याही आतच होत्या, महिन्या-दोन महिन्यांत विरल्या. खाज सुटली. मुंग्या आल्या. तिसऱ्या आठवड्यात कॉलेज सुरू झाले. रिक्षा खड्ड्यात आदळली की बेल्टच्या आत पोट वेगळे हिंदकळे आणि मी वेगळी. उभे राहून तास घेताना संध्याकाळी सूज वाढे, सकाळी उतरे. आरशात फरक कधी दिसे, कधी मुळीच नसे. सहाव्या आठवड्यात बेल्ट सुटला तेव्हा त्याच्याशिवाय फार उघडे वाटले.

सर्वांत शेवटी परतली ती जाणीव. बेंबीखालचा तळहाताएवढा भाग बधिरच राहिला होता. तिथे बारीक मज्जातंतू दुखावतात, आणि ते आपल्या वेगाने परततात. साडीच्या निऱ्या खोवताना बोटांना पोट कळे, पोटाला बोटे कळत नसत. दुसऱ्याच्याच कुणाच्या कमरेला साडी नेसवत असल्यासारखे वाटे. फेब्रुवारीअखेर एका सकाळी द्वितीय वर्षाच्या वर्गात फळ्याकडे वळताना निऱ्यांची पिन टोचली, चांगली टोचली. मी वाक्य अर्धे सोडून थांबले. मुलांना वाटले मी संदर्भ आठवते आहे. दोघातिघांनी लिहून घ्यायला पेनही उचलले होते.