अनुस्वार आणि अपडेट

आमचा कॉम्प्युटर २०१२ सालचा. यंत्रांच्या हिशेबात तो माझ्याच वयाचा म्हणायचा. मी पंचाहत्तरीची. सकाळी उठायला दोघांनाही वेळ लागतो! त्यात अपडेट आले की संपलेच. माझा चहा पिऊन होतो, देवपूजा होते, तरी पडद्यावर गोल फिरतच असते आणि खाली सूचना, ‘संगणक बंद करू नका.’ म्हणून कितीतरी वर्षे मी एकच बटण इमानाने दाबत आले... ‘नंतर’.

हा नुसता आळस नव्हता. त्यामागे एक धसका आहे.

हा कॉम्प्युटर ह्यांनी घेतला तो आठवणी लिहायला. ह्यांची सगळी नोकरी कचेरीत टाइपरायटरवर गेली. बोटांना सवय तीच. म्हणून टाइपरायटरसारखी कळांची मांडणी असलेला जुना मराठी फाँट बसवून घेतला आणि रोज दुपारी बसून टाइप केले. गावचे घर, वडिलांची सावकाराकडची फेरी, आमचे लग्न (त्यात माझ्या स्वयंपाकाची थट्टाही आहे). एकूण ९६ पाने. २०१८ साली हे गेले.

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा पाठिंबा संपला. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, "आजी, सगळं साफ करून नवीन टाकतो. तुमच्या फायली बाजूला ठेवल्यात, काळजी करू नका." फायली होत्याच. पण मी आठवणींची फाईल उघडली तर आत इंग्रजी अक्षरे, कंस, टोप्या घातलेली चिन्हे! एकही मराठी शब्द नाही. हे दुसऱ्यांदा गेले असे वाटले.

त्या मुलाने समजावून सांगितले. जुन्या फाँटमध्ये फाईलीत मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असतात. फाँट गेला की चित्रे गेली, उरले खालचे इंग्रजी. युनिकोडमध्ये मात्र ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, फाँट बदलला तरी ‘क’ हा ‘क’च राहतो. पुढे कपाटात ह्यांच्या हस्ताक्षरात नाव लिहिलेली फाँटची सीडी सापडली आणि पाने पुन्हा बोलू लागली. पण तेव्हापासून अपडेट म्हटले की पोटात गोळा येतो.

तेव्हा मला आमचे अण्णा आठवले. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मी बारा वर्षांची होते. अण्णांनी ते अपडेट कधीच घेतले नाही. मी शिक्षिका होऊन मुलांच्या वह्यांतले जास्तीचे अनुस्वार तांबड्या शाईने खोडत होते, आणि घरून पत्र यायचे, ‘येथें सर्व क्षेम. कांहीं काळजी करूं नये.’ मला हसू यायचे. पण आज साठ वर्षांनीही ती पत्रे मला वाचता येतात, आणि माझ्या नातीलाही. नियम बदलले, जुने कागद मुके झाले नाहीत. भाषेने एवढे सांभाळले. यंत्राकडूनही माझी अपेक्षा तेवढीच होती.

अर्थात दुसरी बाजूही आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या रुग्णालयांतलेसुद्धा. त्यावरचे अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाले होते. ज्यांनी घेतले नव्हते ते बहुतेक सापडले. म्हणजे ‘नंतर’वाले, माझ्यासारखे! अपडेट हा शत्रू नाही एवढे मला पटले. शत्रू असलाच तर तो आपला विसराळूपणा, जुने नीट बांधून न ठेवता पुढे जाण्याचा.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चीही मुदत संपली. नव्या विंडोजला आमचे यंत्र चालत नाही. नात म्हणाली, "आजी, टाकून दे आता." मी त्याची इंटरनेटची वायर काढली आणि तो ठेवून घेतला. तिने जुना लॅपटॉप दिला आहे. एका बाजूला ह्यांची पाने उघडते, दुसऱ्या बाजूला युनिकोडमध्ये टाइप करते. आपोआप रूपांतर होते म्हणतात. करून पाहिले, पण जोडाक्षरे आणि वेलांट्या विस्कटल्या. मग म्हटले, आपणच करावे.

रोज एक पान. आज ४१वे झाले. ह्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका पदोपदी आहेत. जन्मभर तांबडी शाई वापरलेला हात शिवशिवतो, पण एकही दुरुस्त केलेली नाही.

लॅपटॉपवर काल अपडेटची सूचना आली. पेन ड्राइव्हवर सगळे उतरवून घेतले आणि मग ‘आत्ता’ दाबले.