रक्ताची साक्ष

दूध-दही आमच्या घरात रोज असते. म्हणून कराडच्या डॉक्टरांनी “आहारात काय काय घेता?” असे विचारताच सौभाग्यवती म्हणाली, “सगळेच की!” मीही मान डोलावली. रक्ताचा अहवाल मात्र वेगळेच बोलला. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी! ते भाजीभाकरीत नसते. आम्हां शाकाहाऱ्यांना मुख्यतः दुधादह्यातूनच मिळायचे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा आहार विचारून टिपला आणि रक्तही तपासले. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी निघाले.

त्या रात्री जेवण झाल्यावरही मी बसून राहिलो. सर्वांमागून ती पानावर बसली, तेव्हा दह्याचे भांडे मुलांनी आणि मी पुसून ठेवलेले होते.

“मला नाहीच आवडत हो दही,” ती म्हणाली.

बावीस वर्षे मी हे खरे मानले होते! डॉक्टरांना तिने सांगितला तो घराचा आहार, तिचा नव्हे. रक्ताला एवढा संकोच नसतो.

गोळ्या चालू आहेतच. शिवाय दह्याची पहिली वाटी आता तिची. “आवडत नाही” म्हणता म्हणता ती चाटूनपुसून रिकामी होते.