जलंब ते खामगाव : आठ मैलांचा लोहमार्ग

मुंबईहून नागपूरकडे जाताना मलकापूर, नांदुरा मागे पडले की शेगावच्या अलीकडे जलंब येते. तेथून दक्षिणेस खामगावकडे एक फाटा निघतो. त्याची लांबी जेमतेम आठ मैल, म्हणजे सुमारे १३ किलोमीटर.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली आणि खामगावचा कापूसबाजार गाजू लागला. या बाजाराच्या दारापर्यंत रेल्वे यावी म्हणून १८७० साली हा फाटा सुरू झाला.

जगभर अशा छोट्या लोहमार्गांचे जुने कर्जरोखे जमविणारे हौशी संग्राहक आहेत. कंपनी बुडते, रूळ उखडले जातात, पण नक्षीदार कागद उरतो. रोख्याच्या कडेला व्याजाची कुपने असतात. व्याज घेताना कुपन कापून द्यायचे; म्हणून न कापलेल्या कुपनांवरून व्याज कधी थांबले असावे, याचा अंदाज बांधता येतो. व्यापाऱ्याला ही भाषा परकी नाही. रक्कम चुकती झालेल्या हुंडीला पेढीवर ‘खोखा’ म्हणत आणि तोही पुरावा म्हणून जपून ठेवीत.

मुख्य मार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे भाग बहुतांशी इंग्लंडमध्ये खपले. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती आणि कमी पडणारी रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरली जाई. शेजारच्या मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’ही खासगी कंपनीचीच. खामगावचा फाटा मात्र सरकारी पैशाने बांधला गेला. त्याच्या नावाचा कंपनी-रोखा शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

मग या आठ मैलांचा कागद कोठे शोधावा? तो अडत्यांच्या वह्यांत शोधावा : गाठींची नोंद, बिल्टी, हमाली, मुंबईच्या पेढीवर लिहिलेली हुंडी. बुलढाणा शहराला आजही रेल्वे नाही. खामगाव–जालना मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची आहे. व्यापाराला रूळ का हवेत, याची जुनी साक्ष याच वह्या देऊ शकतात.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन होते. त्याआधी घराची झाडलोट होते आणि जुन्या वह्या रद्दीच्या वजनाने विकल्या जातात. तराजूत घालण्यापूर्वी त्यांतील एक तरी उघडून पाहावी.