कुतुबमिनाराच्या साक्षीने गोल्फचे धडे

दिल्लीला गेलेला मराठी पर्यटक लाल किल्ला, राजघाट, कुतुबमिनार पाहतो, करोलबागेत खरेदी करतो आणि परतीची गाडी पकडतो. पण मिनाराच्या अगदी जवळ, लाडो सराईत, एक वेगळीच दिल्ली पाहायला मिळते. हिवाळ्याच्या सकाळी इथले धुके विरळ होऊ लागले की झाडांच्या शेंड्यांवर मिनाराचे टोक दिसू लागते आणि खाली हिरवळीवरून टक्... टक्... असा आवाज कानी येतो. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी शाळकरी मुलगी, कुणी नोकरदार जोडपे चेंडूंची टोपली शेजारी ठेवून फटके मारण्यात गुंग झालेले असते.

हे आहे कुतुब गोल्फ कोर्स. दिल्ली विकास प्राधिकरणाने उभारलेले सार्वजनिक मैदान. आपल्याकडे गोल्फ म्हटले की बडे साहेब, क्लबाचा उंच दरवाजा आणि सभासदत्वासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा असेच चित्र डोळ्यांसमोर येते. ते खोटेही नाही. पण इथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येते, सराव करता येतो. गोल्फ शिकण्याची हौस असलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला दिल्लीत शिरकाव मिळतो तो अशा ठिकाणी.

डोळ्यांना न दिसणारा क्षण

गोल्फचा चेंडू जागेवर स्थिर असतो, मग तो मारण्यात कठीण काय, असे पाहणाऱ्याला वाटते. हातात काठी घेतली की पहिल्या पाच मिनिटांतच भ्रम दूर होतो. कधी काठी जमिनीवर आपटते, कधी चेंडू फूटभर सरकतो, कधी भलतीकडेच उडतो. काठीच्या पात्याचा आणि चेंडूचा स्पर्श होतो तो सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता. काय चुकले ते एवढ्या क्षणात ना शिकणाऱ्याला कळते, ना शिकवणाऱ्याला दिसते. अनुभवी प्रशिक्षक चेंडू कसा उडाला त्यावरून अंदाज बांधत असत. पिढ्यान्‌पिढ्या हा खेळ असाच शिकवला गेला.

या अंदाजाच्या जोडीला आता एक यंत्र आले आहे, लाँच मॉनिटर. दिल्ली आणि शेजारच्या गुरुग्राममधील काही अकादम्यांत गोल्फचे धडे या यंत्राच्या साहाय्याने दिले जातात. एक प्रकार रडारचा. खेळाडूच्या मागे ठेवलेला हा चपटा डबा लहरी सोडतो. काठी आणि चेंडू यांवर आपटून त्या परत येतात आणि त्यांच्यात पडलेल्या फरकावरून वेग व दिशा कळते. तोफगोळ्यांचा माग काढणारी रडार बनवणाऱ्या अभियंत्याचे ज्ञान गोल्फकडे वळवून २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमॅन ही कंपनी सुरू झाली, तेव्हापासून या यंत्रांचा बोलबाला झाला. दुसरा प्रकार कॅमेऱ्यांचा. तो चेंडूजवळ असतो आणि स्पर्शाच्या क्षणाची छायाचित्रे टिपतो.

फटका बसताच पडद्यावर आकडे उमटतात. काठीचा वेग, चेंडूचा वेग, तो किती अंशांनी उडाला, मिनिटाला किती गिरक्या घेतल्या, जमिनीला टेकण्यापूर्वी किती यार्ड गेला. चेंडूच्या वेगाला काठीच्या वेगाने भागले की फटका किती नेमका बसला ते समजते. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरने मारताना हा भागाकार १.५ च्या आसपास आला, तर याहून चांगला फटका क्वचितच बसतो, असे समजावे.

उजवीकडे पळणारा चेंडू

या यंत्राचा खरा उपयोग पाहायचा, तर नवशिक्यांची नेहमीची तक्रार घ्यावी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत केळ्यासारखा वळत उजवीकडच्या झाडीत जातो. यावर उपाय म्हणून बिचारा आणखी डावीकडे नेम धरतो, काठीही आणखी डावीकडे ओढतो. चेंडू मात्र अधिकच जोरात उजवीकडे वळतो!

असे का होते? जुनी समजूत अशी होती की काठी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने चेंडू निघतो. रडारच्या मोजमापाने ती खोटी ठरवली. चेंडू निघतो तो मुख्यतः पात्याचे तोंड ज्या दिशेला असेल तिकडे. मग हवेत तो वळतो, कारण पात्याचे तोंड आणि काठीचा मार्ग यांत अंतर पडलेले असते. नेम डावीकडे नेला तर हे अंतर वाढते, म्हणून चेंडू अधिक वळतो. पडद्यावर हे दोन आकडे शेजारी शेजारी दिसले की वर्षभर न सुटलेले कोडे शिकणाऱ्याला दहा मिनिटांत उलगडते. मग प्रशिक्षक त्याची पकड किंचित बदलतो, आणखी दहा चेंडू मारायला लावतो आणि ते अंतर कमी झाले का एवढेच पाहतो.

चांगला प्रशिक्षक ओळखावा तो इथेच. यंत्र वीस-पंचवीस आकडे दाखवील, पण तो एका तासात एक किंवा दोनच आकड्यांवर बोट ठेवील. बाकीचे झाकून टाकील. यंत्र चूक दाखवते. ती कशी सुधारायची, या शिष्याच्या पाठीला आणि खांद्याला काय झेपेल, ते माणसालाच ठरवावे लागते.

मकबऱ्यांमधले मैदान

आकड्यांचा मोह किती पुरवावा, याचा धडा घ्यायला मात्र दिल्लीतल्याच दुसऱ्या मैदानाकडे पाहावे लागते. शहराच्या मध्यभागी असलेल्या दिल्ली गोल्फ क्लबच्या हिरवळीवर जुने मकबरे उभे आहेत, मोर हिंडत असतात. दोन्ही बाजूंना दाट झुडपे आणि मधून अरुंद वाट. चेंडू वाटेबाहेर गेला की गेलाच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्याच वर्षी मास्टर्स जिंकलेला रोरी मॅकलरॉय जगातील सर्वांत लांब फटके मारणाऱ्यांपैकी एक, पण या मैदानावर ड्रायव्हर वापरण्याचा विचार नसल्याचे त्याने स्पर्धेआधीच सांगून टाकले!

याच मैदानावर कॅडी म्हणून वाढलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया यांनी २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि २०१६ मध्ये इंडियन ओपन इथेच जिंकली. लांब फटक्यांसाठी ते कधीच प्रसिद्ध नव्हते. त्यांचे बळ होते जवळच्या, हळुवार फटक्यांत. २०१५ मध्ये त्यांना जादा होलवर हरवून इंडियन ओपन पटकावणारा अनिर्बान लाहिरी हा पुण्यात जन्मलेला. आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली अवघ्या एका फटक्याने पदक हुकलेली अदिती अशोक? तीही कमी अंतर मारणाऱ्यांपैकीच. त्या वेळी तिची बॅग सांभाळत होती तिची आई.

अली शेर किंवा चौरसिया यांना बालपणी कोणत्या यंत्राने शिकवले? दुसऱ्यांचे खेळ पाहता पाहता ते शिकले. आज व्यावसायिक दर्जाच्या एका यंत्राची किंमत वीस लाख रुपयांच्या घरात जाते. त्याच्यासमोर तासभर उभे राहण्याची फी कॅडीच्या मुलाला परवडणारी नाही. मोबाईलला जोडता येणारी छोटी यंत्रे आता मिळू लागली आहेत, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. या खेळातले पुढचे नाव बॅग उचलणाऱ्या हातांतून यायचे असेल, तर एखादे यंत्र सार्वजनिक मैदानावर, माफक दरात, त्यांच्यापर्यंत पोचायला हवे.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुके असते, म्हणून सकाळी थोडे उशिरा जावे. नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रोच्या यलो लाइनने साकेत किंवा कुतुबमिनार स्थानक गाठावे, तिथून रिक्षा मिळते. कॉलरचा शर्ट आणि साधे बूट घालावेत. वेळ, दर आणि भाड्याच्या काठ्या यांची चौकशी आधीच फोनवर करावी. यंत्रासह धडा हवा असेल तर अकादमीत ते आहे का, आणि प्रशिक्षक स्वतः शेजारी उभा राहणार का, हेही विचारावे. सरावाचे झिजलेले चेंडू कमी अंतर जातात, थंड हवेतही अंतर घटते. तेव्हा पडद्यावरचा आकडा पाहून लगेच हिरमुसू नये.

धडा संपला की मुलांना घेऊन मिनार पाहायला जावे. जवळजवळ ७३ मीटरची ही उंची एका दमात उभी राहिलेली नाही. कुतुबुद्दीनने पाया घातला, अल्तमशने वरचे मजले चढवले, पुढे विजेने झालेली पडझड फिरोजशहाने दुरुस्त केली. हातातली काठी वळवायला शिकणाऱ्यानेही एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.