तीन किल्ल्यांची नोंद

लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा उमटला : नोंदवलेल्या किल्ल्या ३. माझ्याकडे गाडीसोबत आली होती एकच.

गाडी फोर्ड इकोस्पोर्ट, डिझेल. माझ्याआधी तिचे दोन मालक झालेले. घेताना आरसी, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र, सगळं बारकाईनं पाहिलं होतं. दुसरी किल्ली हरवली म्हणून एजंटनं सांगितलं आणि विषय तिथंच थांबला. फोर्डनं सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तरी सुटे भाग आणि सर्व्हिस मिळते. पण आमच्या गडहिंग्लजहून एका किल्लीसाठी गाडी दुसऱ्या शहरात नेऊन ठेवायची, हे मला पटेना. एकाच किल्लीवर गाडी वापरणंही जिवावर येत होतं. ती विहिरीत पडली, बाजारात हरवली, तर गाडी जागेवरून हलणार नव्हती.

चावीवाल्यानं नवं पातं लेझर मशीनवर अचूक कापून दिलं. दार उघडलं, स्टिअरिंगचं कुलूप सुटलं, पण इंजिन काही पकडेना. डॅशबोर्डवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत राहिला. ‘‘ताई, पातं माझं काम. आतली चिप गाडीच्या ओळखीची करून घ्यायला लागेल,’’ तो म्हणाला. चिपचा प्रकारही त्यानंच सांगितला : ४डी६३, ८० बिटची. ते ८० नीट बघून घ्या, असं त्यानं दोनदा बजावलं. या जातीच्या चिपांची आधीची पिढी ४० बिटची होती. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी तिचं सांकेतिक गणित फोडून दाखवलं होतं. त्यांनी ज्या गाडीवर ते करून पाहिलं, तीही फोर्डचीच होती.

या चिपला बॅटरी लागत नाही, हे मला फार आवडलं. किल्ली फिरवली की कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून लहरी निघतात आणि त्यांच्याच जोरावर चिप जागी होते. गाडी एक आकडा पाठवते, चिप आपल्या गुपिताच्या आधारे त्याचं उत्तर देते. उत्तर जुळलं तरच इंजिनाला परवानगी मिळते. दार उघड-बंद करणाऱ्या रिमोटचा याच्याशी काही संबंध नाही. त्याचा सेल संपला तरी गाडी सुरू होते.

चिपची गाडीशी ओळख करून द्यायला वापरलं जाणारं फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर फोर्डवाल्यांमध्ये चांगलंच परिचित आहे. मोबाइलवरच्या आवृत्तीत किल्लीचं काम होत नाही. विंडोजचा लॅपटॉप लागतो आणि प्रोग्रामिंगसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. लॅपटॉप गाडीला जोडणारा अडॅप्टर मी वायरचा घेतला. या गाडीत संगणकांच्या बोलण्याच्या दोन लाइनी आहेत, एक वेगवान आणि एक संथ. अडॅप्टर जिथं लागतो त्या ओबीडी सॉकेटमध्ये पहिली ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर, दुसरी ३ आणि ११वर. दोन्ही वाचणारा अडॅप्टर नसला तर अर्धी गाडी दिसतच नाही. मुलानं बॅटरीला चार्जर जोडला, लॅपटॉपची झोप बंद केली आणि मगच मला बसू दिलं. व्होल्टेज मध्येच पडलं तर काम अर्धवट राहतं, हे त्यानं वाचून ठेवलं होतं.

आणि मग तो आकडा आला.

‘‘आई, नवी किल्ली नुसती वाढवायची की सगळं पुसून पहिल्यापासून नोंदवायचं?’’ मुलानं विचारलं. तीन किल्ल्या दिसल्यावर माझ्यापुरता प्रश्न उरला नव्हता. घर विकत घ्यावं आणि जुन्या भाडेकरूंच्या खिशातल्या किल्ल्या तशाच चालत राहाव्यात, असं ते होतं. उरलेल्या दोन किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ती माणसं कोण, कुठं, मला माहीत नाही. त्यांनी काही वाईट केलं असंही नाही. एखादी किल्ली कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलेलीही असेल. तरी गाडी माझ्या नावावर झाली ती परिवहन कार्यालयात. गाडीच्या स्मरणात मी मालकच नव्हते, तीन अनोळखी किल्ल्यांपैकी एक तेवढी माझ्या हातात होती. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा बघावा आणि विकणाऱ्यानं तो करारात लिहून द्यावा, असं मला मनापासून वाटतं. किलोमीटरच्या आकड्याची आपण एवढी चौकशी करतो, तर याची का नको?

पुसण्याचा पर्याय निवडला की सॉफ्टवेअर सुरक्षा-परवानगी मागतं आणि गाडी १० मिनिटं काही करत नाही. पडद्यावर एक पट्टी सरकत राहते. हा वेळ मुद्दाम ठेवलेला आहे. खरा मालक आपल्या दारात बसून वाट बघू शकतो. घाईत असलेल्या चोराला ते परवडत नाही. सराईत टोळ्यांकडे याहून वेगळी साधनं असतात, हे मला ठाऊक आहे. तरी ही कल्पना मला पटली. इग्निशन चालू ठेवून, कशालाही हात न लावता आम्ही दोघं बसलो होतो.

पुसून झाल्यावर खिशातली किल्ली नोंदली गेली. इथं थांबता येत नाही. किमान दोन किल्ल्या नोंदल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, म्हणून दुसरी कापलेली हाताशी नसेल तर या वाटेला जाऊच नये. पहिली काढून नवी लावली, फिरवली. दिवा काही क्षण स्थिर राहिला आणि विझला. पुन्हा फिरवल्यावर इंजिन लागलं. पडद्यावर आता २ दिसत होते.

रिमोटला संगणक लागला नाही. ६ सेकंदांत इग्निशन चार वेळा चालू-बंद केलं, आवाज आला, लगेच बटण दाबलं. नंतर जुन्या किल्लीचंही तसंच.

माझ्या हाती न आलेल्या त्या दोन जुन्या किल्ल्यांनी आता इंजिन सुरू होणार नाही. पण त्यांची पाती अजून दाराला लागतात, कारण दाराच्या कुलपाला चिपचं काही कळत नाही. दाराची आणि डिकीची कुलपं बदलायला काय लागेल, याची विचारणा चावीवाल्याकडे केली आहे. गाडीत मौल्यवान काही ठेवायचं मी तोवर बंद केलं आहे. नवी किल्ली कोल्हापूरला बहिणीकडे दिली.